अळ्यांचा दवाखाना

तुरीच्या बांधावर आश्रुबा आणि सत्यभामेचं वाजलं, ते साऱ्या शिवाराला ऐकू गेलं. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये हे खरं, पण आमचा बांध त्यांच्या बांधाला लागून. कान काय कापून ठेवायचे?

वरवर भांडण फवारणीचं होतं, खरं होतं ऊसतोडीचं. त्या साली पोळ्यानंतर पावसानं तोंड दाखवलं नाही. सोयाबीन जागेवर वाळलं, रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. तूर तेवढी चिवट. मुळ्या खोल घालून उभी राहिली आणि फुलांनी लगडली. लग्न झाल्यापासून दरसाल हे दोघं कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागायचे आणि आश्रुबाची आई बायनाबाई घरी एकटी राहायची. यंदा म्हातारीला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. तूर पदरात पडली तर आपण तोडीला जायचं नाही, असं सत्यभामेनं नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं. आणि नेमकी फुलात घाटेअळी पडली.

सोसायटीनं त्यावर एक पावडर आणली होती. सचिव धर्मराज म्हणाला, हे विष नाही, जिवाणू आहेत. पोटात गेले की अळी खाणं सोडते आणि मरते. विष नाही म्हटल्यावर आश्रुबाचं मन विटलं. ज्याला वास नाही त्याला गुण कसला? त्याच्याजवळ डाळिंबावर फवारायची अँटिबायोटिकची एक पुडी होती, आष्टीकडच्या बागेत कामाला गेला होता तेव्हा आणलेली. तीही मिसळली की अळीचा बापही वाचत नाही, असा त्याचा हिशोब. सत्यभामा म्हणत होती, सांगितलंय तेवढंच मारा. ऐकेना, तेव्हा तिनं तुरीत मधोमध काठीनं रेघ ओढली.

"वरली तुमची, खालची माजी," ती म्हणाली. "माज्या तुरीत तुमची पुडी आली तर भाकर मिळायची न्हाई."

हापशाला करंगळीएवढं पाणी. तरी दोघांनी घागरी वाहिल्या आणि ऊन उतरल्यावर एकमेकांकडे पाठ करून फवारलं. तिनं पंप माझा नेला होता.

चार दिवसांत सत्यभामेच्या तुरीतल्या अळ्या काळ्या पडून वाळल्या. आश्रुबाच्या तुरीतल्या मात्र सासरवाडीला आलेल्या जावयासारख्या बसून खात होत्या. तो तणतणत सोसायटीत गेला. मीही गेलो, अशी करमणूक कोण सोडतं?

"कावून रे धर्मराज, बायकूला असल माल आन् मला भेसळ?"

धर्मराजनं आधी त्याच्याकडून पुडीची सगळी हकीकत काढून घेतली. मग कृषी केंद्रातल्या साहेबांना फोन लावला, बराच वेळ हूं हूं केलं आणि फोन ठेवून हसायलाच लागला.

"आरं बाबा, आपली पावडर आळीच्या आतड्याला निस्तं भोक पाडती. तिच्या पोटात तिचेच जंतू राहतेत, एरवी गरीब. भोक पडलं की ते रगतात शिरतेत आन् तिला आतून खलास करतेत. तू पुडी घालून त्या जंतूलाच मारलंस."

"म्हंजी?"

"म्हंजी आळी आजारी पडली आन् तू तिला दवा पाजलास."

दिवस मावळायच्या आत गावानं आश्रुबाला डागतर करून टाकलं. पोरी विचारायच्या, डागतर, आमच्या बी आळ्या तपासता का? बायनाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि लेकाला म्हणाली, "घर फिरलं की वासे फिरतेत म्हन्तेत. आळीचे वासे फिरायलेच होते. तूच मोडून ठिवलेस की रं."

सत्यभामा मात्र टोचून बोलली नाही. सोसायटीतून आणखी पावडर आणून तिनं वरली तूरही फवारली. डागतर मुकाट पाणी वाहत होता. अळ्या मेल्या, पण वरच्या अंगाला फूल थोडंच उरलं होतं.

दिवाळी सरली. ऊसतोडीचा मुकादम त्रिंबक ट्रक घेऊन आला. त्यानं आधीच बांधावर उभं राहून तूर बघितली होती. म्हणाला, अर्धी तर गेलीच, चल. सत्यभामा दारात उभी होती. तिचा चेहरा मला बघवेना.

आश्रुबानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मुकादम, यंदा दुसऱ्या जोडीचा कोयता बघा," तो म्हणाला. "अर्धी माज्या अकलंनं गेली. हिच्या अकलंची अर्धी हाय की. तेवढ्यात भागवू."

मला कधी नव्हे तो त्याचा अभिमान वाटला. ट्रक धुरळा उडवत तेलगावच्या वाटेला लागला. आतून बायनाबाईनं विचारलं, ट्रक गेला का? गेला म्हणून सत्यभामेनं सांगितलं. म्हातारी भिंत धरत बाहेर आली. तिनं आधी सुनेचं तोंड चाचपलं, मग लेकाचं. दोघंही आहेत याची खात्री करून घेतली.

"मंग सत्यभामे," ती म्हणाली, "आज तिघांचं पीठ मळ."