पंखा थांबलेला आहे तोवर

चिमीला इंग्रजीच्या टीचरनी अभ्यास दिला होता. ‘लाईन’ या शब्दाची पाच वाक्यं, प्रत्येकात अर्थ वेगळा पाहिजे. पोरीचं वय सात. दुपारी चारच्या सुमाराला ती जमिनीवर पालथी पडून पेन्सिल चावत होती आणि मी शेजारी बसून मेथी निवडत होते.

“आय स्टँड इन लाईन,” ती म्हणाली. “एक झालं. दुसरं सांग ना, मम्मी.”

जळगावला कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. केलेलं. मला वाटलं, पाच काय, पन्नास सांगीन. नरडाण्याकडून गाडीचा भोंगा ऐकू येतो, ती रेल्वेची लाईन. वहीत आखलेली असते, ती लाईन. एवढ्यात रात्रपाळी करून झोपलेले तिचे पप्पा डोळे चोळत बाहेर आले.

“लिही, पप्पा मम्मीवर लाईन मारायचे.”

“अहो! टीचर बोलावून घेतील शाळेत.”

“खोटं आहे का? जळगावच्या बस स्टँडवर सहा महिने उभा होतो. त्यालाच म्हणतात स्टँड इन लाईन.”

आत सासूबाई खुदकन हसल्या. चिमीला काही कळलं नाही, पण तीही हसली आणि वहीवर वाकली. “मला एक येतं. कोणी सांगू नका. पप्पा लाईन बंद करतात.”

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

आमच्या गावात विजेला वीज कोणी म्हणत नाही. लाईन गेली, लाईन आली, लाईन सोडा. चिमीचे पप्पा, अमृत, एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहेत, पण गावासाठी ते त्याहून जास्त आहेत. सरकारी लाईनमन चुडामणभाऊंकडे नऊ गावं आणि दोन्ही गुडघे गेलेले. त्यामुळे डीपीचा, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडाला की लोक आमच्याच दारात येतात. अमृत सबस्टेशनला फोन करतात. तिथले पितांबरभाऊ चार गावांची लाईन बंद करतात. अमृत खांबावर चढतात, फ्यूज बांधतात, उतरतात, पुन्हा फोन करतात, “सोडा.” ना कागद, ना सही. नियम एकच : ज्या मोबाईलवरून ‘बंद करा’ आलं, त्याच मोबाईलवरून ‘सोडा’ आलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात हा नियम नव्हता. तिथल्या खांबावरच्या माणसाला आता त्याची बायको बशीने चहा पाजते.

म्हणून मी एक करते. ते निघाले की घरातल्या पंख्याचं बटण चालूच ठेवते. लाईन बंद झाली की पंखा थांबतो. पंखा थांबलेला आहे तोवर ते खांबावर सुखरूप आहेत. मग तो फिरतो, गल्लीतली पोरं “लाईन उनी, लाईन उनी!” ओरडत सुटतात, आणि ओट्याशी त्यांच्या चपला वाजेपर्यंत मी दाराकडे बघत राहते. सासूबाई म्हणतात, “त्या पंखाकडे काय दखस वं? तो काय देव शे का?”

त्याच दुपारी खालच्या गल्लीतली कुंदाबाई आली. “अमृतभाऊ शे का घरमा? आमनी डीपीना फ्यूज उडना. पीठ अर्धं दळेल पडेल शे.”

अमृतचा मोबाईल रात्रीपासून मान टाकून पडला होता. त्यांनी माझा घेतला. “पितांबरभाऊ, नंबर बायकोचा आहे, माणूस मीच. बंद करा.”

पंखा हळू झाला. थांबला.

मोबाईल फळीवर ठेवून ते म्हणाले, “डीपी नाल्यापलीकडेच तर आहे. आल्यावर सांगतो सोडायला.”

“साखळी?” मी म्हटलं.

चुडामणभाऊंनी दिलेली लोखंडी साखळी दाराआड लटकलेली असते. चढण्याआधी ती तारांवर टाकायची. चुकून लाईन आलीच तर साखळीवाटे जमिनीत जाते, माणसाला धरत नाही.

“काम दहा मिनिटांचं आणि साखळीला पंधरा. तू पण ना, रत्ना.”

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. साखळी काढली आणि सोबत निघालेल्या आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खांद्यावर टाकली. आबा पोराकडे बघून म्हणाले, “सून म्हनस तं टाक. मी हातमा लेयल शे.”

दोघं गेले. मी पुन्हा मेथी घेऊन पंख्याखाली बसले. चिमीचं एक वाक्य राहिलं होतं. ते लिहून तिनं विचारलं, “फोटो काढून टीचरच्या ग्रुपवर टाकू का?” मी हो म्हटलं आणि फळीवरचा मोबाईल तिला दिला. एवढंच माझं चुकलं. की त्याच्या आधीचं सगळंच?

बाहेर शेजारच्या शेळीनं ओट्यावरच्या निवडलेल्या मेथीत तोंड घातलं. मी उठून तिला हुसकायला गेले. तेवढ्यात मोबाईल वाजला. मी वळेपर्यंत चिमी बोलतही होती. आवाज बारीक, पण ढब सगळी पप्पांची.

“हां भाऊ. झालं, झालं. सोडा.”

मी मोबाईल हिसकावला. समोरून फोन ठेवलेला होता. वर नाव, पितांबरभाऊ. मी लावला. “आपण संपर्क करत असलेला क्रमांक व्यस्त आहे.” पुन्हा लावला. व्यस्त. दुसरी गावंही त्यांना फोन करत असणार, केव्हा सोडता, केव्हा सोडता. तिसऱ्यांदा लावताना माझी मान आपोआप वर गेली.

पंख्याचं पातं हाललं.

अर्धा फेरा. गल्लीत पोरं ओरडली, “लाईन उ...” आणि नाल्याकडून फटाक्याहून मोठा धडाका झाला. कावळे उठले. पंखा थांबला.

सासूबाई अनवाणी धावल्या. मोबाईल माझ्या हातात वाजत होता.

“वहिनी, सोडली तशी ट्रिप होऊन बंद पडली. काय झालं तिथं? तुमच्याच मोबाईलवरून...”

“बंद ठेवा,” मी म्हटलं. “मी सांगेपर्यंत बंद ठेवा, भाऊ.”

ते चालत आले. आधी चपलांचा आवाज आला, मग ते दिसले. मागे आबा, मागे अर्धी गल्ली. साखळीच्या दोन कड्या वितळून एक झाल्या होत्या. अमृत ओट्यावर बसले. पाणी दिलं तर त्यांनी पेला तसाच बाजूला ठेवला.

“पितांबरना हात तोडाले पाहिजे,” कुंदाबाई म्हणत होती. “बठ्ठा गावनं वाटोळं करी टाकतं.”

“तो असा सोडणारा नाही,” अमृत म्हणाले. त्यांनी माझ्यापुढे हात केला. “मोबाईल दे बघू.”

मोबाईलमध्ये सगळं होतं. आलेला फोन, वेळ, नऊ सेकंद. दाराच्या चौकटीला चिकटून चिमी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर अजून थोडा गर्व होता, मोठ्या माणसाचं काम केल्याचा. तो हळूहळू उतरत होता. वितळलेल्या कड्यांकडे ती बघत होती.

“मीच म्हटलं, ‘सोडा’,” मी म्हणाले. “मला वाटलं, तुम्ही उतरलात.”

अमृत माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खोटं कळलं की खरं वाटलं, मला आजही सांगता येत नाही.

“ऱ्हाऊ दे आज, बेटा,” आबा म्हणाले.

“फ्यूज अर्धा बांधलेला आहे, आबा. चार गावं अशीच ठेवू?” ते उठले. साखळी खांद्यावर घेतली. माझा मोबाईल या वेळी त्यांनी स्वतःच्या खिशात घातला.

मी घरात येऊन पंख्याखाली बसले. चिमी हळूच आली, वही मिटून कोपऱ्यात ठेवली आणि माझ्या मांडीला टेकून बसली. “मम्मी,” ती म्हणाली.

मग तिनंही मान वर केली. आम्ही दोघी थांबलेल्या पंख्याकडे बघत राहिलो.