रात्रीचं जातं

"काय गो, रातभर जातं फिरवतंस. पीठ कुठं ठेवलंस ते तरी सांग," सकाळचा चहा पिता पिता भिकू म्हणायचा.

नीराबाई तोंडाला पदर लावून हसायची. नवऱ्याची लाज म्हणून नव्हे, दात दिसू नयेत म्हणून. पुढचे दात झिजून निम्मे उरले होते. कडांना आतलं पिवळं उघडं पडलं होतं, आणि माठातलं पाणी लागलं की कळ थेट कानशिलात जायची. सकाळी जबडा असा भरून आलेला असायचा की भाकरीचा पहिला घास ती चहात बुडवून मऊ करून घ्यायची. शेजारच्या बाया मिश्रीला दोष द्यायच्या. सासू असती तर म्हणाली असती, झोपेत दात खाणारी बाई घर खाते.

दुसऱ्या कुणाचं निभावून गेलं असतं. पण नीराबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून नवरी निघेपर्यंत धवले गायचे ते तिनं. देवांना, दर्याला, त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं तेही तिनंच. ज्याचं नाव नीट उमटलं नाही तो दारातूनच परत जातो, असं बाया मानत. आणि हल्ली तिच्या तोंडून 'स' नुसता वाऱ्यासारखा निसटत होता.

वैशाखात शेजारच्या रखमाच्या लेकीचं, क्रांतीचं लग्न होतं. मुलगा मुरूडकडचा, गणराज. गणराजचा थोरला भाऊ दीपेश, आणि दीपेशची बायको म्हणजे नीराबाईची एकुलती लेक शिवानी. स्थळ आलं तेव्हा रखमानं फार चौकशी केलीच नाही. "नीराबाईची लेक त्या घरात नांदतेय. मंग आनि काय बघायचं?" असं तिनं चारचौघांत म्हटलं आणि नीराबाईकडं पाहिलं.

नीराबाईनं मान हलवली होती.

तिनं मान हलवली तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. गौरीला शिवानी माहेरी आली होती. ओटीवर बसवून नीराबाई तिचे केस विंचरत होती. डाव्या बाजूनं वाकून तिनं विचारलं, "बाय, तेल लावू का?" शिवानी हलली नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. मग नीराबाईनं फणी खाली ठेवली.

"त्या कानानं न्हाय येत आता," शिवानी अंगणाकडं बघत म्हणाली. "त्यांचा हात भारी हाय."

"आनि घरात बाकीची? गणराज?"

"तो दाराला पाठ लावून उभा राहतो. कुनी मधी येऊ नये म्हनून." तिनं खाली ठेवलेली फणी उचलली. "बाहेर गोड बोलतो गो तो. वयनी वयनी करतो."

"तू जाऊ नको परत."

"तू कुनाला बोलायचं न्हाय, आये. माझी शपथ हाय. तू बोलशील आनि हितं निजशील. मला तिथं निजायचं हाय."

तेव्हापासून नीराबाईच्या तोंडातलं जातं थांबलं नव्हतं. दिवसा हाताखालचं जातं फिरतं तेव्हा बाई गाते, मन मोकळं होतं, पीठ पडतं. रात्रीच्या जात्याला ना ओवी ना पीठ. दगडच दगडाला खातो.

आधी एका दवाखान्यात तिला सांगितलं होतं, सगळे काढून कवळी बसवा. कवळी घालून धवले गायचे, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडानं गायचं. ती रडतच घरी आली होती. मग भिकूच तिला अलिबागला, एस.टी. स्टँडमागच्या डॉक्टर प्रज्ञाकडं घेऊन गेला. तरुण बाई, नागोठण्याकडची. तिनं आरसा आत धरून दात पाहिले, मग गालांवर बोटं ठेवून म्हणाली, "दात दाबा, मावशी." बोटांखाली स्नायूंच्या गाठी टरारून वर आल्या.

"मिश्री नाही ही. मिश्रीनं डाग पडतात. हे तुम्ही झोपेत घासताय."

"आता टाकी लावनार का?" नीराबाईनं विचारलं. जातं गुळगुळीत झालं की छिन्नीनं टाकी लावून घ्यायची, तेवढंच तिला माहीत.

डॉक्टर हसली. "नाही. टाकीनं दगड आणखी कमी होतो. तुमचं जेवढं उरलंय त्यातलं कणभरही मी घासणार नाही. फक्त भर घालणार."

"तुला गो जात्याचं काय ठावं?"

"माझी आजी दळायची. गायचीसुद्धा. तिच्या ओव्या वेगळ्या होत्या, जातं तेच."

आधी दातांचे ठसे घेतले. त्यांच्यावर मेणाचे दात घडवून डॉक्टरनं ते नीराबाईच्या हातात दिले. तिचेच दात, शिवानी जन्माला आली तेव्हाचे. पुढच्या खेपांना काम झालं. दात स्वच्छ करून निळा लेप लावायचा, धुवायचा, सुकवायचा, मग दाताच्याच रंगाचा मऊ मसाला थराथरानं चढवायचा आणि प्रत्येक थरावर निळा उजेड धरायचा. थर दगडासारखा घट्ट होई. मागच्या दाढांवरही उंची चढवली, नाहीतर पुढचे नवे दात पहिल्या घासालाच एकमेकांवर आदळले असते. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन डॉक्टरनं पाहिलं, कुठं जास्त टेकतंय.

"थोडे दिवस तोंड परक्याचं वाटेल," ती म्हणाली. "आणि रात्री ही पट्टी घालायची. दाताऐवजी हिला चावा." कडक, पारदर्शक, दातांवर चढणारी खोळ होती ती.

घरी भिकूनं तिचं तोंड उजेडाकडं वळवून पाहिलं. "लगीन क्रांतीचं हाय का तुझं?"

नीराबाई त्या संध्याकाळी परसात एकटीच गाऊन बघत होती.

"ये गो दर्याबाय, ये गो मांडवाच्या दारी,
तुझ्या पान्याची घागर नवरीच्या शिरी."

शब्द नारळ फुटावा तसे स्वच्छ फुटत होते. तिला आनंद व्हायला हवा होता. पण गळ्यात आलेली पुढची ओळ तिनं तिथंच गिळली. नवरीच्या शिरी घागर ठेवून तिला कुठं पाठवायचं होतं, ते तिला माहीत होतं.

पट्टीचं मात्र तिनं वाटोळं केलं. तोंडातली वस्तू, म्हणून दुधाच्या भांड्यासारखी कढत पाण्यात टाकली. वाकडी झाली, बसेना. दात पुन्हा उघडे पडले, आणि एका सकाळी थुंकताना पुढच्या दाताचा कोपरा तळहातावर पडला.

"चिंता नको. हा मसाला असा आहे की पुन्हा लावता येतो," डॉक्टर म्हणाली. पट्टीसाठी तिनं नवा ठसा घेतला, थंड पाण्याचं बजावलं, कोपरा भरला. मग हातमोजे काढून तिच्याजवळ बसली. "मावशी, मी भरत राहीन. पण रात्री एवढं काय दळता?"

नीराबाईनं तोंड उघडलं. नव्या दातांवर जीभ टेकली. बाहेर स्टँडवर गाडीची घोषणा चालली होती. तिनं तोंड मिटलं.

"शपथ हाय," एवढंच म्हणाली.

"ज्यानं घातली तो बरा आहे का?"

नीराबाई पदर सावरून उठली. परतीच्या गाडीत मात्र तो प्रश्न तिच्या शेजारी बसून आला.

हळद दळायची सकाळ उजाडली. रखमाच्या ओटीवर जातं धुऊन मांडलं होतं, खुंट्याला आंब्याचा टाळा बांधला होता, कुंकू लावलं होतं. रीत अशी की पहिला घास नवरीच्या आईनं आणि धवलारणीनं समोरासमोर बसून, एकच खुंटा धरून दळायचा. भोवती बाया, मागं दाराशी क्रांती, हात कोपरापर्यंत ओल्या मेंदीनं भरलेले. गोदू काकी म्हणाली, "नीरे, आता नवीन दातांचा आवाज ऐकव. का ते दाखवायलाच हायेत?" बाया हसल्या.

हळकुंडं जात्यात पडली. रखमाचा हात नीराबाईच्या हातावर आला. गरम, राबलेला, भरवसा ठेवणारा हात. नीराबाई गाऊ लागली.

"हळदीच्या जात्या बाबा, हळू हळू फिर,
लेक जाते दूर, तिला सांभाळून धर."

जातं फिरलं. पिवळं पीठ कडेनं सांडलं. दुसऱ्या ओवीत सासरचं दार यायला हवं होतं. ओवी दाराशी आली आणि नीराबाई थांबली. तिला दार दिसलं, आणि त्याला पाठ लावून उभा असलेला माणूस.

खुंटा अडला. रखमानं ओढून पाहिलं. "काय गो? विसरलीस?"

"रखमा, पोरीला त्या घरात देऊ नको."

ती मोठ्यानं बोलली नाही. पण धवलारणीचा आवाज तो, मागच्या ओळीतल्या म्हातारीलाही प्रत्येक अक्षर ऐकू गेलं. मग तिनं सगळं सांगितलं. कान, हात, दार. गणराज काय करतो तेही. क्रांती चौकटीला धरून उभी होती. तिच्या मेंदीचा रंग चौकटीला लागला.

रखमाचा हात अजून खुंट्यावर होता, नीराबाईच्या हातावर.

"तू मान हलवलीस," रखमा म्हणाली. "सगळ्यांसमोर मी तुझ्याकडं बघितलं, आनि तू मान हलवलीस."

"व्हय."

"दोन दिसांवर लगीन हाय, नीरे."

"व्हय."

रखमानं हात काढून घेतला. तळव्यावरची हळद ती बघत राहिली. मग मान वर करून तिनं जे विचारलं त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"आनि तुझी लेक? माझी देऊ नको म्हनतेस. तुझी कशाला ठेवलीस तिथं?"

नीराबाईनं खुंटा सोडला. ही बातमी संध्याकाळपर्यंत मुरूडला पोचेल, एवढं तिला कळलं. फोनवर फोन जातील. आणि संध्याकाळी त्या घराचं दार लागेल.

ती उठली. हात धुवायलाही थांबली नाही. आपल्या अंगणात येऊन तिनं भिकूला हाक मारली. तो जाळीची फाटकी बाजू शिवत बसला होता. तिनं त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्याच्या हातातली सुई तशीच राहिली.

"मला कधी बोलली न्हाईस," तो म्हणाला.

"शपथ होती."

"मी रोज हसत होतो गो. जातं फिरवतंस म्हनत होतो." त्यानं जाळी बाजूला सारली आणि खुंटीवरचा सदरा काढला. "चल."

मुरूडची एस.टी. फाट्यावर आली तेव्हा ऊन चढलं होतं. गाडीत नीराबाई खिडकीशी बसली. हळदीनं पिवळे झालेले हात मांडीवर उघडे ठेवले होते. रेवदंड्याच्या पुलाखाली खाडी भरतीला लागली होती. शिवानी येईल का, हे तिला माहीत नव्हतं. येईल तर कोणत्या नजरेनं आईकडं बघेल, तेही नाही. रखमाच्या ओटीवर जातं तसंच अर्धं भरलेलं असेल.

भिकूनं तिच्याकडं पाहिलं. "दात दाबू नको," तो हळूच म्हणाला.

तिनं जबडा सैल सोडला. वरचे दात खालच्यांना टेकले नाहीत. मधे बारीक फट राहिली, वाऱ्यापुरती. त्या फटीतून ती मनातल्या मनात नाव घेत राहिली, जिवंत माणसाचं, एकाच माणसाचं, दारातून परत जाऊ नये म्हणून.