मुकादमाच्या धाकातल्या पेशी

सरांनी एका प्रथिनापायी सारी हयात घातली होती. ते पेशीच्या केंद्रकात शिरून डीएनएवर ठाण मांडतं आणि कोणती जनुकं वाचायची, कोणती नाही, ते ठरवतं. लॅबमध्ये त्याला ‘मुकादम’ म्हणत. जंतू दिसताच गिळायला धावणाऱ्या भक्षक पेशी असोत की शिकून लढणाऱ्या टी-पेशी, मुकादम बसला की सगळ्या गपगार, असं सरांचं म्हणणं. सरांच्या म्हणण्याला लॅबमध्ये सिद्धान्त म्हणत.

लॅबमधली सर्वांत नवी विद्यार्थिनी धाकटी; तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण याच सिद्धान्तावर होतं. पण पेशी ज्यात वाढवतात ते जुनं सीरम संपून तिने नव्या सीरमची बाटली उघडली, आणि मुकादम आत असूनही टी-पेशी खवळल्या. तिने जुनंही थोडं मागवून प्रयोग पुन्हा पुन्हा केला. जुन्या सीरममध्ये पेशी शांत, नव्यात हाणामारी. खोटं प्रकरण लिहायचं नव्हतं, आणि सरांच्या संमतीशिवाय प्रबंध जाणार नव्हता.

ती तावातावाने केबिनमध्ये गेली आणि मान डोलवत बाहेर आली.

“आत जाताना वाघीण, येताना गोगलगाय,” थोरली म्हणाली. ती लॅबमधली सर्वांत जुनी. “काय केलं गं त्यांनी?”

“काही नाही. बसा म्हणाले.”

“ती खुर्चीच वाईट. तिच्यात बसून मी माझ्या लग्नाची तारीख बदललीय.”

धाकटी बराच वेळ जुन्या आणि नव्या सीरममधल्या पेशींच्या दोन्ही बश्यांकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने सरांनाच सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बोलावलं. तिथे एकच स्टूल होतं. त्यावर ती बसली होती.

“सर, जरा वाका.”

सर वाकले. “झुंडी करून भांडतायत की! मुकादम काढलेल्या पेशी आहेत ना या?”

“नाही, सर. आत आहे. फक्त सीरम नवं.”

“मग मुकादम बिघडला असेल.”

“ताजा बसवला होता.”

“तर जुनं सीरम मागवा. असेल तेवढं सगळं!”

“मागवलं, सर. त्यात पुन्हा गप्प होतात. तेच लिहायचंय. भोवताल साथ देतो तोवरच मुकादमाचं चालतं.”

सर भिंगातून डोळा काढेनात. मग म्हणाले, “चला, केबिनमध्ये बसून बोलू.”

“नको, सर. इथेच बोलू.”

सर कंबरेवर हात ठेवून सावकाश ताठ झाले. बसायला जागा शोधली. नव्हती.

“बरं, असंच लिहा,” ते म्हणाले. “पण नाव मुकादमच राहू द्या.”

“नाव राहील, सर.”