भट्टी निवेपर्यंत

मित्रांनो, मी मातीची भांडी भाजणारी एक जुनी विजेची भट्टी आहे. माझे पोट उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या, पांढऱ्या विटांचे आहे. विटांच्या खाचांत तारांची वेटोळी बसवलेली आहेत आणि पुढे एक जाड लोखंडी दार आहे. माझ्या आयुष्यात जे काही घडले, ते या दारामुळेच.

मोटारी दुरुस्त करण्याच्या एका जुन्या गाळ्यात मला ताईने आणले. नोकरी सोडून तिने नुकताच कपबशांचा छोटा उद्योग सुरू केला होता. सोबतीला चाकावर कप घडवणारे काका होते आणि झाडलोटीपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे सांभाळणारी तिची नणंद होती. ताई हुशार होती, कष्टाळू होती. पण तिच्याजवळ धीर नव्हता.

एका उपाहारगृहाच्या मालकांनी नव्या शाखेसाठी कप मागवले. पहिलेच मोठे काम! ते साधले तर गाळा चालू राहणार, फसले तर ताईला पुन्हा नोकरी शोधावी लागणार आणि काका घरी बसणार, हे तिघांनाही ठाऊक होते.

कप भाजून झाले. तारा बंद झाल्या. आता मला निवायला वेळ हवा होता. ताई मात्र माझ्याभोवती घिरट्या घालू लागली.

"वहिनी, भट्टी आहे ती, अंड्यांवर बसलेली कोंबडी नाही," नणंद म्हणाली. "सारखं काय बघतेस?"

नणंद जेवायला गेली आणि ताईने "थोडंसंच" असे पुटपुटत दार उघडले. गार हवा आत घुसली. हवा लागली तो भाग झटकन आकसला, बाकीचा तापलेलाच राहिला. त्या ओढाताणीत टण्, टण् करत एकेक कप तडकत गेला.

आवाज ऐकून काका धावत आले. त्यांचा चेहरा उतरला. "माझीच माती नीट मळली गेली नसेल," ते म्हणाले.

ताई गप्प राहिली असती तर सहज सुटली असती. पण ती म्हणाली, "नाही काका. माती चांगली होती. दार मी उघडलं." त्यांच्यासमोरच तिने मालकांना फोन करून हेच सांगितले आणि थोडी मुदत मागितली. पलीकडून बरेच ऐकून घ्यावे लागले, पण मुदत मिळाली.

काकांनी नवे कप घडवले. पुन्हा भाजणी झाली. या वेळी ताईने माझ्या दाराला कुलूप घातले आणि किल्ली नणंदेच्या हातात ठेवली.

"मी मागितली तरी देऊ नकोस. रडले तरी नाही."

"आणि चिडलीस तर?"

"मग तर मुळीच नाही."

दुसऱ्या दिवशी मालक स्वतःच आले. "एक तरी कप दाखवा हो. हेही फुटले असतील, तर मला आजच दुसरीकडे बघायला हवं."

ताईचा हात आपोआप पुढे झाला. "दे गं किल्ली. एकदाच."

नणंदेने मूठ घट्ट आवळली. "कालच्या वहिनीने बजावलंय. मी तिचंच ऐकणार."

ताईला हसू आले. ती मालकांना म्हणाली, "उद्या सकाळी या. तुमच्यासमोरच उघडते. तडकलेले निघाले, तर लपवायला जागाच राहणार नाही." मालक कुरकुरत निघून गेले.

सकाळी दार उघडले, तेव्हा मी जेमतेम कोमट होते. मालकांनी एक कप उचलून टिचकी मारली. स्वच्छ आवाज आला. त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला.

"सगळेच वाजवणार की काय?" काकांनी विचारले.

"वाजवू द्या," ताई म्हणाली.

मित्रांनो, पुढे उद्योग वाढला. निवेपर्यंत आपले दार आपणच बंद ठेवणारी नवी भट्टी आली आणि मी कोपऱ्यात गेले. ताईला धीर मात्र आजही नाही. गरम चहाने ती अजूनही जीभ भाजून घेते. पण आपल्यात काय कमी आहे ते तिने ओळखले, आणि आपल्याला 'नाही' म्हणण्याचा हक्क एका माणसाला दिला. तुम्हालाही असे कोणी अडवत असेल, तर रागावू नका, त्याला जपा.

आणि जमलेच तर माझ्या दारावर टांगलेल्या ओल्या छत्र्या तेवढ्या काढा. लोखंड गंजते हो.