त्रेसष्ट चिंचोके

दिनानाथरावांच्या घराण्यात पुरुषानं पंचेचाळिशी ओलांडायची नाही, असा जणू दंडकच होता. वडील पंचेचाळिसाव्या वर्षी गेले, थोरले भाऊही पंचेचाळिसाव्याच वर्षी. आजोबांच्या वयाचा कुणाला पत्ता नव्हता, पण तेही त्याच सुमाराला गेले असणार, असं दिनानाथरावांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. एकदा भ्यायचंच म्हटल्यावर माणसाला पुरावा लागतो कशाला!

त्यांचा जन्म रथसप्तमीचा. चोपन्न सालच्या रथसप्तमीला त्यांना पंचेचाळिसावं लागलं, आणि त्याच सकाळी अंबरनाथच्या क्वार्टरसमोर अंगणात उभं राहून त्यांनी सूर्याला शब्द दिला : पुढच्या रथसप्तमीच्या आत एक लाख नमस्कार घालीन, तू मला हे वर्ष पार करून दे.

माणूस कारखान्यात मशीनशॉपचा सुपरवायझर, केसाएवढा फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखणारा. त्यानं मोजमापही तसंच चोख बांधलं. बायकोकडून हजार चिंचोके मागून घेतले. शंभर नमस्कार झाले की एक चिंचोका हिरव्या डब्यातून पितळी डब्यात टाकायचा. रोज तीन टाकायचे, म्हणजे तिथीच्या तीनशे चोपन्न दिवसांच्या वर्षात अडीअडचणीचे वीस दिवस सोडून लाख भरतात. चिंचोके मोजून देताना कुमुदिनीला बरंच वाटलं होतं. शेजारचे पुरुष कामावरून आले की पत्ते कुटत बसतात, आपला नवरा नमस्कार घालतो, यात वाईट ते काय?

वाईट हळूहळू बाहेर आलं. नमस्कार म्हणजे व्यायाम, आणि व्यायामाला खुराक लागतो, हे तालमीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण दिनानाथरावांनी व्यायामाचं व्रत करून टाकलं होतं, आणि आपल्याकडे व्रत म्हटलं की उपास पाठोपाठ आलाच! आधी रविवारी अळणी सुरू झालं. सूर्याचा वार, त्या दिवशी मीठ वर्ज्य. ते एक वेळ चालून जातं. मग रात्रीचं जेवण सुटलं. मग चातुर्मासात दूध सोडलं, ते कार्तिकी उलटली तरी परत धरलं नाही. पहाटे साडेचारला उठून तीनशे नमस्कार, मग आठ तास मशीनशॉपमध्ये उभ्यानं काम, आणि संध्याकाळी कपभर कोऱ्या चहावर झोप. पौष लागला तेव्हा त्यांचा सदरा खुंटीवर जसा लोंबायचा तसाच अंगावर लोंबत होता.

"अहो, निदान ताकभात तरी खा दोन घास," कुमुदिनी म्हणायची.

"एवढं एक वर्ष, कुमुद. मग तू वाढशील ते खाईन."

वर्ष सरेपर्यंत तुम्ही उरलात तर ना, हे तिच्या जिभेच्या टोकावर यायचं आणि ती गिळून टाकायची. बोलून उपयोग नव्हता. नवरा हट्टी असता तर तिनं भांडून त्याला ताळ्यावर आणला असता. पण तो भ्यालेला होता, आणि भ्यालेल्या माणसाशी भांडायचं कसं हे तिला उमगत नव्हतं.

क्वार्टरात दूध घालायला खरवई गावची मोतीबाई यायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. एका सकाळी ती माप ओतता ओतता अंगणात नमस्कार घालणाऱ्या दिनानाथरावांकडे बघतच राहिली.

"बाय, तुजा धनी आजारी हाय काय?"

"आजारी नाहीत गं. नमस्कार घालतात. रोज तीनशे."

"नि सुट्टी कवा?"

"सुट्टी कसली? सूर्य सुट्टी घेतो का, म्हणतात."

"सूर्याला काय पोट हाय?" मोतीबाईनं हंडा खाली टेकवला. "आमी आमूशेला बैल नाय जुपत. लावनीची कितीबी घाई असूं दे, नाय म्हंजे नाय. नि ज्या दिशी जुपला त्या दिशी पेंड जास्ती घालतो. तू रोज जुपतं नि पेंड बंद करतं. असा कुठं असतंय?"

"मी कुठे जुंपते गं बाई! ते स्वतःच जुंपून घेतात."

"मंग गल्यातला दावा कोन सोरनार? बैल काय सोताचा दावा सोता सोरतंय?" एवढं बोलून मोतीबाई पुढच्या घराकडे गेली.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, दारात टांगा थांबला. मशीनशॉपमधल्या भगवंतानं दिनानाथरावांना हाताला धरून उतरवलं. चालत्या लेथ मशीनजवळ उभे असताना त्यांना घेरी आली होती. भगवंतानं मागून कंबरेला मिठी मारून ओढलं म्हणून बरं, नाहीतर हात गेला असता.

"वहिनी, मी उचलून बघितलं," भगवंत दबक्या आवाजात म्हणाला, "अंगात वजनच नाही हो."

दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या आणि पेन खाली ठेवलं. "रोग कुठलाच नाही. हा उपाशी माणूस आहे, आणि दमलेला आहे. सुपरवायझरसाहेब, मशीन बिनतेलाची अखंड चालवली तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगायचं का? तीन आठवडे नमस्कार बंद. दोन्ही वेळ पोटभर जेवायचं, दूध, शेंगदाणे, डाळ, आणि आठ तास झोप. अहो, नमस्कार घालताना ताकद खर्च होते. ती परत भरते जेवणानं आणि झोपेनं. तुम्ही नुसताच खर्च मांडलाय."

घरी आल्या आल्या दिनानाथरावांनी हिरवा डबा उघडला आणि चिंचोके पाटावर ओतले. त्रेसष्ट निघाले. रथसप्तमीला मधे एकवीस दिवस होते. रोज तीन, एकवीस दिवस, त्रेसष्ट. अडीअडचणीचे वीस दिवस केव्हाच संपले होते.

"एक दिवस जरी चुकला तरी लाख भरत नाही," ते म्हणाले. मग चिंचोक्यांकडे बघतच अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मी मरणार, कुमुद."

अठरा वर्षांच्या संसारात या माणसानं हे तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. कुमुदिनीला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि खांदे धरून गदागदा हलवावंसंही वाटलं. तिनं यांतलं काहीच केलं नाही. चिंचोके गोळा करून डब्यात भरले, पायांत चपला घातल्या, आणि ती शंकराच्या देवळाच्या वाटेवर राहणाऱ्या बाळाजीभटजींकडे गेली.

भटजी पंचांग चाळत ओसरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजारपणात व्रताला दोष लागत नाही, वहिनी. राहिलेलं पुढे चालवावं, पुरं होईल तेव्हा होईल. तोवर बायकोनं नवऱ्यासाठी थोडंफार केलं तरी ते त्याच्याच नावावर जमा होतं."

घरी येऊन कुमुदिनीनं हे जसंच्या तसं सांगितलं. दिनानाथराव भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तेव्हा तिनं पुढचं एक वाक्य पदरचं घातलं. भटजींनी ते म्हटलं नव्हतं, कुठल्या पोथीतही नसेल.

"आणि भटजी म्हणाले, सूर्याला दिलेला शब्द ज्याचा अर्धा राहिलाय, त्याला देव शब्द पुरा होईपर्यंत नेत नाही. नेला तर देवाचंच देणं फिटायचं राहतं."

दिनानाथरावांनी मान वर केली. "असं म्हणाले?"

"असंच म्हणाले," कुमुदिनी म्हणाली, आणि पटकन स्वयंपाकघरात गेली. त्या संध्याकाळी दिनानाथरावांनी कित्येक महिन्यांनी मुगाची खिचडी खाल्ली, वर तूप घेतलं, आणि दिवेलागणीनंतर तासाभरात घोरायला लागले. त्या घोरण्याइतकं गोड तिनं पुष्कळ दिवसांत काही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य चांगला वर आल्यावर, कुमुदिनी कासोटा खोचून अंगणात उभी राहिली. पहिल्या नमस्कारालाच ती कोपरांवर आपटली.

"आई, तू भिंतीवरून पडलेली पाल दिसतेस!" रविवारची खेळायला निघालेली सुहासिनी खिदळली.

"तू आपली खेळायला जा. पाल म्हणे!"

पण खाटेवर पडलेल्या दिनानाथरावांना ते बघवेना. नमस्कार म्हणजे काय चेष्टा आहे? "अगं, श्वास सोड! टाचा टेक! पाठ अशी कमानीसारखी नको!" ते खाटेवरूनच ओरडत होते. बारा नमस्कार झाल्यावर ती थांबली.

"बारातच दमलीस?"

"दमायच्या आधी थांबले," ती म्हणाली. मग तिनं दुधात कुस्करून भाकरी खाल्ली, त्यांनाही खायला लावली, आणि दहा मिनिटं चटईवर आडवी झाली. नवरा बघत होता. रोज बघत होता. चौथ्या दिवशी तिची मांडी भरून आली तर तिनं दोनदा तीळतेल चोळलं आणि बारांऐवजी आठच घातले. पाचव्या दिवशी सोळा घालून ती तूट भरून काढली.

संक्रांतीचे तीळगूळ झाले, मुगाची धिरडी झाली, मेथीची डाळभाजी झाली. बुधवारी ती सिंधी निर्वासितांच्या कॅम्प पाचच्या बाजारात गेली, तर सिंधी दुकानदारानं खजूर तोलता तोलता विचारलं, "बहनजी, घर में पहलवान है क्या?" "है ना," ती म्हणाली, "लेकिन अभी छुट्टी पे है." पौषातली अमावास्या आली त्या दिवशी तिनं नमस्कारच घातले नाहीत. दिनानाथराव अस्वस्थ होऊन दोनदा दारापर्यंत आले.

"आज काय झालं?"

"आज अमावास्या. खरवईचे बैलसुद्धा आज गोठ्यात रवंथ करतायत. मी काय बैलाहून गयी-गुजरी?"

ते हसले. खरं म्हणजे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं होतं, की या बाईचे दंड दोन आठवड्यांत घट्ट दिसायला लागलेत, ती सकाळी गुणगुणते, आणि आपण मात्र अकरा महिने घाम गाळून काडी झालो. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवशी न सांगता तिसरी भाकरी घेतली.

रथसप्तमी रविवारी आली. अंगणात रांगोळीचा रथ काढला, गोवऱ्या पेटवल्या आणि बोळक्यात सूर्यासाठी दूध तापत ठेवलं. दूध सूर्याच्या दिशेला उतू गेलं की तो प्रसन्न, अशी रीत. दूध फसफसून पूर्वेला सांडलं, गोवऱ्या चुर्र झाल्या, आणि दिनानाथरावांचं पंचेचाळिसावं सरून शेहेचाळिसावं लागलं. ते तिथेच उभे होते, मुद्दाम आलेला भगवंत आणि सुहासिनी बाजूला उभे राहून बघत होते, आणि काही म्हणता काही झालं नव्हतं. दिनानाथरावांनी हात जोडले.

कुमुदिनीनं बोळक्यात उरलेलं दूध पेल्यात ओतून त्यांच्या हातात दिलं. ते सगळं पिऊन त्यांनी मिशी पुसली. "उद्यापासून मीही बारा घालतो. रविवारी आणि अमावास्येला सुट्टी."

"आणि रविवारचं अळणी?"

"मीठ घाल गं बाई. पुष्कळ झालं अळणी."

मग ते आत गेले आणि सवयीनं हिरवा डबा पाटावर रिकामा केला. कुमुदिनी चुलीपाशी होती, तिचा हात थांबला. तिच्या बारा-बाराच्या नमस्कारांत वीस दिवसांचे मिळून दोनच चिंचोके पितळी डब्यात गेले होते. त्रेसष्टातून दोन गेले, राहायला हवे होते एकसष्ट. पण पहाटे, नवरा झोपलेला असताना, तिनं त्यांतला एक उचलून आपल्या कुंकवाच्या करंड्यात, कुंकवाच्या तळाशी, पुरून ठेवला होता. बाकीचे केव्हा ना केव्हा संपणार. हा एक कधीच पितळी डब्यात जाणार नव्हता, आणि सूर्याला दिलेला शब्द कधीच पुरा होणार नव्हता.

दिनानाथरावांनी चिंचोके मोजले. परत मोजले. केसाएवढा फरक ओळखणारा माणूस तो. मान वळवून त्यांनी फडताळातल्या करंड्याकडे बघितलं; झाकणाच्या कडेला ओलं बोट लागून कुंकू चिकटलं होतं. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. ती पाठमोरी होती आणि भाकरी भलतीच जोरात थापत होती.

"साठ," ते म्हणाले.

"साठच होते," ती वळली नाही.

"हो. साठच होते." एकेक करून त्यांनी चिंचोके डब्यात भरले, झाकण लावलं, पाट चुलीजवळ ओढून घेतला आणि त्यावर बसले. "वाढ आता. भूक लागलीय."