न ओळखलेली खिरापत

मी एक जुना पितळी डबा आहे. मित्रांनो, डब्याला कसली आलीय गोष्ट, असं तुम्हाला वाटेल. पण मी खिरापतीचा डबा आहे, आणि माझ्या पोटात एक गोष्ट इतकी वर्षं बंद होती की ती भरणाऱ्या मुलीच्या मैत्रिणींना आता नातवंडं झाली आहेत.

धुळ्याच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. ठोके खाताना वाईट वाटलं, पण त्याने झाकण असं घट्ट बसवलं की मुंगीचीही आत शिरायची टाप नाही. पोटावर नाव कोरलं, 'बेबाबाई'. बेबाबाईंबरोबर मी एरंडोलला सासरी आलो. वर्षभर माझ्यात डाळ नाहीतर गूळ असायचा. भादव्याची पौर्णिमा आली की मात्र माझा थाट बदले. घरात मातीचे भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, महिनाभर बसत. रोज संध्याकाळी आळीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायला येत, आणि गाणी संपली की मी मधोमध! ज्या घरी गाणी, त्या घरची खिरापत. ती बंद डब्यात घालून हलवायची आणि बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायची. ओळखल्याशिवाय झाकण काढायचं नाही, हा नियम. आणि जी ओळखेल तिला पहिला वाटा.

बेबाबाईंच्या दोन मुली, कोकिळा मोठी आणि दीपमाला धाकटी. दीपमाला खोड्यांची खाण! एका वर्षी आई कापूस वेचायला शेतात गेलेली, तेव्हा ती म्हणाली, "आज खिरापत मी भरणार. कोणी बघायचं नाही." मला घेऊन ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. तिथे काय झालं ते मला ठाऊक होतं. पण नियम डब्यालाही लागू असतो.

त्या संध्याकाळी पोरींनी फुटाणे, शेंगदाणे, बत्तासे, डाळ्या, सगळं म्हणून पाहिलं. दीपमाला प्रत्येकीला अंगठा दाखवायची. "हरल्या, हरल्या! उद्या परत या."

उद्या उजाडला, पण तिला सणकून ताप भरला. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथून ती परत आली नाही.

पंधरवडा उलटल्यावर कोणीतरी मला उघडायला घेतलं. बेबाबाईंनी हात धरला. "वळख्याबिगर उघाडानं नही," एवढंच म्हणाल्या.

मग मी फळीवर बसलो. मित्रांनो, फळीवरचं आयुष्य फार मुकं असतं. घरापुढे महामार्ग. अवजड ट्रक गेला की फळी हादरायची आणि माझ्या पोटात काहीतरी वाजायचं. टुक. टुकटुक. बेबाबाई चुलीपाशी थबकायच्या आणि विचारायच्या, "कोन शे तठे?" मग तिथून कोणी ओ देतंय का, याची थोडा वेळ वाट बघायच्या. कधी ट्रक नसतानाही त्यांना ऐकू यायचं. मी वाजलो नव्हतो, हे मी शपथेवर सांगतो. मग काय वाजलं, ते मात्र मला सांगता येणार नाही.

पुढे कोकिळा जळगावला मेहरूणमध्ये राहायला आली. आईला आणलं, तशी आईबरोबर मीही आलो, पुन्हा फळीवर, आणि इथेही घराजवळून ट्रक जायचेच. शाळेत न जाता घरीच शिकणारी काही मुलं शनिवारी कोकिळाकडे येतात. ती त्यांना नकाशे, नद्या, सणवार, बाजार असं सगळं शिकवते. पुस्तकातलं कमी आणि दारातलं जास्त. यंदा भादव्यात तिने भुलाबाई मांडली, नव्या स्टीलच्या डब्यात फुटाणे भरले आणि खेळ समजावला. पूनमने पहिल्या झटक्यात ओळखलं.

"हे तर फारच सोपं आहे," फैज म्हणाला. "मावशी, तो वरचा डबा द्या ना. तो जुना."

"त्याला हात लावायचा नाही." कोकिळाचा आवाज असा आला की फैज दोन पावलं मागे सरला.

फैजची बहीण मंतशा हळूच म्हणाली, "त्यात पण खिरापत आहे?"

कोकिळा मुलांच्या मध्ये येऊन बसली. मग तिने सगळं सांगितलं. धाकटी बहीण, पायरी, उद्या. मंतशाने नीट ऐकलं.

"म्हणजे खेळ अजून संपलाच नाही?"

"नाही."

"मग ती घरी कशी जाईल? आमच्या गल्लीत खेळ संपल्याशिवाय कोणी घरी जात नाही. ती बसून राहिली असेल ना बिचारी!"

कोपऱ्यात खाटेवर बेबाबाई पडून होत्या. झोपल्यात असं सगळ्यांना वाटत होतं. त्या उठून बसल्या. "कोकी, दे तो डबा. हलाडू दे पोरेसले."

कोकिळाने मला खाली काढलं. खाली उतरवतानाच मी वाजू लागलो.

"खडीसाखर," फैज मला हलवून म्हणाला.

"काहीतरीच! इतकी वर्षं टिकेल का?" पूनम म्हणाली. "सुपारी."

मंतशाने मला कानाशी धरलं. एकदा हलवलं, तिरकं केलं, परत हलवलं. "हे खायचं नाहीये. एकच आहे. गुळगुळीत आहे, घरंगळतंय. आम्ही दादीबरोबर खेळतो ना, तसलं." ती थांबली. "चिंचोका."

खिरापतीत चिंचोका कोण घालतं? पण बेबाबाई म्हणाल्या, "उघाड, कोकी."

झाकण हिरवं होऊन चिकटलं होतं. फैजने मला उंबऱ्यावर ठोकलं, कोकिळाने पिळलं, आणि इतक्या वर्षांनी माझ्यात उजेड शिरला. तळाशी एकच चिंचोका होता. आणि कडेने गुळाचे काळे पडलेले डाग, त्यांत चिमुकल्या बोटांनी निपटून काढलेल्या रेघा.

बेबाबाईंनी त्या रेघांवरून बोट फिरवलं. त्यांचं बोट त्यांत मावेना. मग त्यांचे खांदे हलू लागले. रडतायत असं वाटून मुलं घाबरली.

"खाई गई वं!" त्या हसत होत्या, डोळे गळत होते. "बठ्ठं गूळखोबरं खाई गई मन्ही पोर!"

"सगळं फस्त केलं, आणि मी भुतासारखी राखत बसले," कोकिळा म्हणाली. "खादाड कुठली!"

नियमाप्रमाणे ओळखणारीला पहिला वाटा. बेबाबाईंनी तो चिंचोका मंतशाच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटली. "संपना खेळ," त्या म्हणाल्या. खेळ संपला, हे त्या दाराकडे बघून म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी फळीवर एखादा बंद डबा असेल. त्याला देव्हाऱ्यासारखं नुसतं पुसत बसू नका. मोठ्यांना विचारून खाली काढा, हलवा, ओळखायला बसा. कदाचित कोणीतरी तुमच्या ओळखण्याची वाट बघत ताटकळलं असेल.

आता मला चिंचेने लख्ख घासलंय. ट्रक जातात, मी वाजत नाही, आणि बेबाबाई थबकत नाहीत. मागच्या शनिवारी मुलांनी माझ्यात गूळखोबरं भरलं, काठोकाठ. घट्ट झाकण लावून मला इथल्या घराच्या मागच्या पायरीवर ठेवलं आणि गाणी म्हटली. उघडलं तेव्हा मी थोडासा उणा होतो. पूनम म्हणाली फैजने खाल्लं, फैज म्हणाला पूनमने.

कोणी खाल्लं ते मला माहीत आहे. पण ओळखल्याशिवाय मी सांगणार नाही.