विडेपर्त राजाची ढास

विडेपर्तला राजा केलं ते त्याच्या खोकल्याकडे बघून. आधीचा राजा निपुत्रिक गेला होता आणि राजधानी पावियाच्या मैदानात जमलेल्या सरदारांना एकमेकांपैकी कोणीच नको होता. तेवढ्यात विडेपर्तला ढास लागली. हे पिकलं पान वसंतापर्यंत गळेल, तोवर आपली तयारी होईल, असा प्रत्येकाने मनाशी विचार केला आणि राजेपणाचा भाला त्याच्या हाती दिला.

खोकला गावाकडच्या गिरणीतल्या पिठाचा होता, हे फक्त त्याच्या बायकोला, आल्दरुदाला ठाऊक होतं. पावियाची नदीकाठची हवा लागली आणि तो पार गेला. गाल वर आले. आल्दरुदाची झोप उडाली.

"अहो, उद्या दरबारात खोका."

"आता येत नाही गं."

"येत नाही म्हणून कसं चालेल? तो गाउसोल्फ सरदार आज तुमच्या गालांकडेच बघत होता."

विडेपर्त खोकू लागला. आधी लाजत, मग सराईतपणे. सरदार तोंडाने हळहळायचे. आपोआप पडणाऱ्या फळाला दगड कशाला मारा, म्हणून कोणी बंड केलं नाही. बंड नाही म्हणून लढाई नाही, लढाई नाही म्हणून जादा कर नाही. वर्षं गेली. राजा फार शहाणा, असं लोक म्हणू लागले आणि ऐकून ऐकून ते राजालाही पटलं.

"लोकांचा जीव आहे माझ्यावर. आता हे सोंग पुरे."

"जीव असू दे. खोकायला काय जातंय?"

पण मुलीच्या लग्नात तो चार पेले जास्त प्याला आणि विहीणबाईंबरोबर उन्हं कलेपर्यंत नाचला. गाउसोल्फ आता स्वतःच काठी टेकत चालायचा. तो राणीपाशी आला.

"महाराज ठणठणीत दिसतात."

"देवाची कृपा."

"आमची वर्षं मात्र फुकट घालवली त्यांच्या खोकल्याने."

द्राक्षं उतरायच्या आत त्याची फौज वेशीवर आली. ऐन सुगीत मारामारी नको, म्हणून जीव लावणाऱ्या लोकांनीच दरवाजा उघडला. विडेपर्तचं डोकं भादरून त्याला मठात धाडलं. मग सरदार एकमेकांवर तुटून पडले, ते पुढली सुगीही जळून गेली तरी थांबले नाहीत.

आल्दरुदा दर रविवारी त्याला भेटायला जायची.

"लोक म्हणतात, परत या. तुमच्यासारखं राज्य कोणी केलं नाही."

विडेपर्त मठाच्या वाफ्यातले मुळे उपटत होता. "त्यांना सांग, राज्य तू करत होतीस."

"सांगितलं. हसले."

त्याने मुळे झटकून तिच्या टोपलीत टाकले.